चार मागे, एक पुढे

दुपारच्या सामसुमीत हेमाने पोह्यांची चाळणी ताटात उपडी केली आणि टण्‌कन आवाज झाला. पोह्यांतून एक पोलादी गोळी उडाली, ताटाच्या काठाकाठाने घरंगळत गेली आणि थांबली.

"सापडली!" ओटीवरून उन्मेष ओरडला. नुसत्या आवाजावरून त्याने ओळखलं होतं. "बेअरिंगची ना? कालपासून शोधतोय."

"पोह्यांत होती," हेमा म्हणाली. "उद्या आमटीत गिअर सापडला तरी मला नवल वाटायचं नाही."

हे सगळं अण्णांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं कर्तृत्व. पोफळीला वीजप्रकल्पाचं कुठलंसं काम संपवून साहेबलोक मायदेशी गेले, त्यांचा छोटा जपानी ट्रक लिलावात निघाला आणि अण्णांनी तो घेतला. आंब्याच्या पेट्या यंदा आपल्याच गाडीतून जाणार, असं त्यांनी साऱ्या आळीत सांगून टाकलं. गाडी घरी आली ती मात्र दुसऱ्याच्या टेम्पोला दोर बांधून, आणि अंगणात विहीर आणि तुळस यांच्या मधोमध उभी राहिली. गिअरबॉक्समधले दात झडले होते आणि त्याचे सुटे भाग रत्नागिरीत नाहीत, कोल्हापुरात नाहीत, कुर्ल्याच्या भंगारातही नाहीत.

"कवळी बसवा, अण्णा," एमआयडीसीतला शिवा लेथवाला म्हणाला होता.

शेवटी कवळीच बसवायची ठरली. हेमाचा नवरा उन्मेष मुंबईला कारखान्यात फिटर. शिमग्याला म्हणून चार दिवसांसाठी आलेला, आणि पाडव्याची गुढी त्याच्याच हातून उभी राहिली. मोडक्या दातांवर वेल्डिंगचा थर चढवायचा, मग कानशीने घासायचं, पुठ्ठ्याच्या साच्याला लावून बघायचं, पुन्हा घासायचं. आतल्या पितळी रिंगा झिजल्या होत्या. त्या शिवाने हेमाच्या आजेसासूच्या खलबत्त्यातून कातून दिल्या.

"दुसरा गिअर टाकला की वेलदोड्याचा वास येणार बघा," शिवा म्हणाला.

रजा वाढवायला उन्मेष कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाई आणि फोरमनला अण्णांच्या दुखण्याचं सांगे. अण्णाही सोबत जात.

"खोकू का जरा?" रिसीव्हरकडे मान करून ते विचारत.

"अण्णा, तुमचा पाय मोडलाय."

"मग कण्हतो."

हेमा रॉकेलच्या परातीत एकेक भाग धुई, जुन्या साडीच्या फडक्याने पुसून गोणपाटावर मांडून ठेवी. पाच वर्षांची आर्या शेजारी बसून 'हे काय, ते कुठे बसतं' करत राही. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण नवऱ्याला भोपळा आवडत नाही हे हेमाला या खेपेला कळलं. चार दिवसांच्या पाहुण्याने आजवर तो निमूट गिळला होता. आर्या त्याला 'मुंबईचे बाबा' म्हणे. हल्ली त्यातली मुंबई गळून पडली होती. त्याचा ग्रीसचा हात दाराच्या चौकटीला, दुधाच्या पातेल्याला, कुठेही उमटे. हेमा कुरकुरत पुसायला जाई आणि एखादा ठसा तसाच ठेवी.

"गाडी चालू झाली की दुसऱ्या दिवशी निघतो," उन्मेषने सांगून ठेवलं होतं. बॅग भरून कोनाड्यात तयार होती. तिच्यावर हेमाने वाळवणाची सूपं रचली होती.

ती पोह्यांतली गोळी शेवटचीच. ती जागेवर बसली आणि त्याच संध्याकाळी बॉक्स जोडायला घेतला. घासलेले दात एकमेकांत अलगद बसत गेले. मग शिवाने मोठं दातेरी चाक उचललं आणि घुटमळला.

"हे डावीकडे की उजवीकडे? दोन्हीकडे बसतंय."

"उजवीकडे असावं," उन्मेष म्हणाला. "की डावीकडे? हेमा, तू धुतलंस ना हे? खोलताना कुठल्या अंगाला होतं गो? विहिरीच्या की तुळशीच्या?"

हेमा आर्याची वेणी घालत होती. तिने चाकाकडे पाहिलं, मग वेणीकडे. एक पेड सुटला होता. तो तिने पुन्हा पहिल्यापासून घेतला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुळशीच्या," उन्मेषने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉक्स गाडीखाली चढला. अण्णांनी नारळ फोडला, धोतराचा काष्टा घट्ट केला आणि चालकाच्या जागेवर बसले. शेजारच्या यमुनाबाई तांदळाचं सूप घेऊन बघायला उभ्या राहिल्या. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. अण्णांनी दिमाखात पहिला गिअर टाकला आणि ट्रक ऐटीत मागे गेला.

"अण्णा, पहिला टाका!" उन्मेष ओरडला.

"मेल्या, पहिलाच टाकलाय!"

घाबरून त्यांनी दुसरा टाकला. ट्रक दुप्पट वेगाने मागे गेला, चिऱ्याचा गडगा पाडून यमुनाबाईंच्या अळवात जाऊन बसला. वेलदोड्याचा वास काही आला नाही.

"अगो बाई, माझं अळू!"

"रिव्हर्स टाकून बघा," शिवा चाचरत म्हणाला.

अण्णांनी रिव्हर्स टाकला. गाडी शहाण्यासारखी पुढे आली आणि अंगणात उभी राहिली.

शिवा वाकून गाडीखाली बघायला लागला.

"म्हणजे," अण्णा खाली उतरत म्हणाले, "चार मागे आणि एक पुढे. आंबे वाशीला पोचायचे, पण आपण पाठमोरे जायचं."

उन्मेष कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "ते चाक उलट्या अंगाला बसलंय. सगळं परत खोलायला हवं."

"मग खोल. पण आज मला काय झालंय ते आधी सांग," अण्णा चपला शोधत म्हणाले. "पाय मोडून झाला. कावीळ चालेल?"

बापलेक बूथकडे गेले. शिवा पाने-पकडी गोळा करायला लागला. यमुनाबाईंनी चिरडलेलं अळू मुकाट्याने हेमाच्या पदरात घातलं. आता त्याचं फदफदंच होणार होतं. हेमा विहिरीवर पानं धुवायला बसली. कोनाड्यातल्या बॅगेवर आणखी एक सूप ठेवायला जागा आहे का, असा विचार मनात आला आणि तिचं तिलाच हसू आलं. ते लपवायला तिने मान खाली घातली.

आर्या येऊन तिच्यासमोर उकिडवी बसली. एक पान उचलून तिने पाण्यात बुडवलं, निथळलं, आणि आईच्या तोंडाकडे बघत विचारलं,

"आई, ते मोठं चाक विहिरीच्या बाजूला बसतं, असं तूच मला सांगितलंस ना? मग बाबांना का नाही सांगितलंस?"