लपवलेलं बटण

नणंदबाईंनी काउंटरवरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी उचलला, तोलून पाहिला आणि समोरच्या स्टुलावर दाणकन आपटला. स्टूल वाचलं, पण दुकानदाराच्या काळजाचा ठोका चुकला.

"अहो बाई, तो स्टिअरिंगला अडकवायचा असतो!"

"असू दे की. धोपाटणं म्हणूनही झकास आहे," नणंदबाई म्हणाल्या.

भिंतीवर टांगलेली कुलपं बघता बघता भावजयीनं हसू दाबलं. दोघी मिळून लॉन्ड्री चालवत. धुलाई-इस्त्रीचा कारभार नणंदबाईंचा आणि व्हॅन भावजयीची. तिच्या वडिलांनी ती लग्नानंतर तिच्या हवाली केली होती. रोज सकाळी रुग्णालयाच्या आणि दोन लॉजच्या चादरी पोचवायच्या. भावजय गाडी हाकायची आणि नणंदबाई शेजारच्या सीटवर मांडीवर इस्त्रीचे शर्ट घेऊन बसायच्या. त्यांना गाडी येत नव्हती. एकदा शिकायचं मनावर घेतलं होतं, तेव्हा पुढे जायच्या ऐवजी गाडी मागे जाऊन भाजीच्या हातगाडीत घुसली, आणि शिक्षण तिथंच आटोपलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याच गल्लीतून बेकरीवाल्याची व्हॅन चोरीला गेली, तीही दिव्याच्या खांबाखालून. तेव्हापासून तो सायकलच्या हँडलला पावाच्या पिशव्या लटकवून धापा टाकत फिरत होता आणि भेटेल त्याला सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकवत होता. तीन वेळा ऐकल्यावर दोघी आज गाडीला कुलूप घ्यायला या दुकानात आल्या होत्या.

नणंदबाईंच्या मनात मात्र चोरापेक्षा दुसरीच धास्ती होती. त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे भावजयीच्या नवऱ्याला, दूरच्या एका बंदरावर क्रेन दुरुस्तीचं चांगलं काम मिळालं होतं. तो रुजूही झाला होता. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "तू कधी येतेस?" आणि भावजय म्हणायची, "बघू." या 'बघू'नं नणंदबाईंची झोप उडवली होती. ती गेली की तिच्याबरोबर व्हॅन जाणार आणि लॉन्ड्रीला टाळं लागणार, हे तर होतंच. पण सकाळच्या त्या फेरीत दोघी मिळून सगळ्या गिऱ्हाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, तेवढं बंद झालं असतं तर नणंदबाईंना जगात कुठंच करमलं नसतं. हे बोलून दाखवायचं म्हणजे भावाच्या संसारात आडवं येणं. म्हणून त्या तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या आणि गाडीसाठी कुलूप शोधत होत्या.

"हा सायरन बघा," दुकानदार म्हणाला. "कुणी नुसता हात लावला तरी अख्खी गल्ली जागी होते."

"मांजर बसलं तर?" भावजयीनं विचारलं.

"तरीही होते."

"मग नको. आमच्या गल्लीतली मांजरं फक्त आमच्याच गाडीवर बसतात."

दुकानदारानं सायरन आत ठेवला आणि गिअरचं कुलूप पुढे केलं. नणंदबाईंचे डोळे चमकले. भक्कम, जाडजूड, आणि किल्ली एकच.

"हेच द्या," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे राहील."

"तुमच्याकडे?" भावजय म्हणाली. "वन्सं, लॉन्ड्रीची किल्ली कुठं सापडली होती, सांगू का यांना?"

"काही नको सांगायला."

"उशीच्या अभ्र्यात. अभ्रा धुतला, इस्त्री केला, किल्लीसकट घडी घातली आणि लॉजवर पोचवला. तिथल्या पाहुण्याच्या मानेला टोचली, तेव्हा परत मिळाली."

दुकानदार तोंड फिरवून हसला. नणंदबाई फुरंगटून दांड्याकडे बघत राहिल्या. 'आता कोणत्या तोंडानं किल्ली मागायची,' असं त्यांना झालं.

"किल्लीच नको असेल तर बटण बसवू," दुकानदार म्हणाला. "गाडीत कुठंतरी लपवलेलं. ते दाबल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. एकच अट आहे, बटण कुठं आहे ते मी एकाच माणसाला दाखवतो. दोघांना दाखवलं की गल्लीभर होतं, हा माझा अनुभव आहे."

"छान आहे," भावजय लगेच म्हणाली. "बसवा."

नणंदबाईंनी मान डोलावली, पण त्यांचा चेहरा उतरला. एकच माणूस म्हणजे चालवणारीच असणार. गाडी आधीच तिची, आता तिचं गुपितही तिचंच. उद्या ती बंदराच्या दिशेनं निघाली तर आपल्या हातात निरोपाला हलवायला रुमालही उरणार नाही. तोही धुवायला पडलेला असेल.

व्हॅन दुकानामागच्या शेडमध्ये नेली. भावजयीनं दुकानदाराला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, मग "मी जरा बेकरीवाल्याकडून पाव घेऊन येते, तेवढंच बिचाऱ्याचं ओझं हलकं होईल," असं म्हणाली आणि निघूनही गेली. नणंदबाई शेडच्या दाराशी टायरवर बसून राहिल्या. आतून बराच वेळ खुडबुड ऐकू येत होती.

शेवटी दुकानदार हात पुसत बाहेर आला.

"चला बाई, बटण दाखवतो."

"मला कशाला? गाडी ती चालवते."

"त्यांनीच सांगितलंय, तुम्हालाच दाखवायचं. आणि कुठं बसवायचं तेही त्यांनीच सांगितलंय, म्हणजे कुठल्या बाजूला ते. नेमकी जागा मी निवडली."

त्यानं नणंदबाईंना त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसवलं आणि हात कुठं घालायचा ते दाखवलं. त्यांनी दोनदा बटण दाबून पाहिलं. मग खाली उतरून चालकाच्या जागेवर बसल्या आणि तिथून हात लांबवला. आडव्या झाल्या, खांदा दुखेपर्यंत ताणला, तरी हात पोचेना.

"नाही पोचणार," दुकानदार म्हणाला. "मी पाहिलंय."

भावजय पाव घेऊन येईपर्यंत दुकानदारानं घरी न्यायला गाडी सुरू करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चादरींचे गठ्ठे मागे भरून झाले, दोघी आपापल्या जागी बसल्या, भावजयीनं किल्ली फिरवली आणि गाडी ढिम्म हलली नाही. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

"तुला खरंच माहीत नाही कुठं आहे ते?" नणंदबाईंनी विचारलं.

"नाही."

"शोधलंही नाहीस?"

"नाही. सांगूही नका. माझ्या पोटात काही राहत नाही."

"आणि मी आजारी पडले तर?"

"तर गाडी उभी राहील. मग मी चादरी डोक्यावरून नेईन आणि रस्ताभर तुम्हाला बोल लावीन."

नणंदबाईंनी मांडीवरचे शर्ट उगाचच नीट केले. वरच्या शर्टाची कॉलर सरळ होती, तीही सरळ केली.

"आणि तुला लांब कुठं जायचं असलं तर? म्हणजे, बंदरावर वगैरे?"

"काल रात्री त्यांना फोनवर सांगितलं," भावजय म्हणाली. "म्हटलं, गाडी आता एकटीच्यानं निघत नाही. सुट्टी मिळेल तेव्हा तुम्हीच या. मळके कपडे घेऊन या, धुऊन देऊ."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाले, ताईच्या हातची इस्त्री तिकडं मिळत नाही." तिनं घड्याळाकडे पाहिलं. "वन्सं, दाबताय ना? रुग्णालयात चादरींची वाट बघत असतील."

नणंदबाईंचे डोळे भरून आले होते. ते दिसू नयेत म्हणून त्या खेकसल्या, "आधी तिकडं तोंड कर. बघतेस काय?"

भावजयीनं मुकाट्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेरून बेकरीवाला सायकल रेटत चालला होता. तिनं त्याला हात केला. शर्टांच्या घडीखालून नणंदबाईंचा हात हळूच आत गेला आणि भावजयीनं न बघताच किल्ली फिरवली.