पाहुण्याच्या हातचा टेंभा

टेंभा पाहुण्याच्या हातात होता आणि पाहुणा काही केल्या तो पेटवत नव्हता.

"घळीतून माणसं काढतोय, थांबा, एवढंच ऐकलं आपण," तो म्हणाला. "काढली, असं कुणी म्हटलेलं नाही."

वहिनीनं रेडिओ पुन्हा कानाला लावला. नुसती खरखर. खिंडीच्या माथ्यावर दोन्ही देशांनी मिळून उभारलेला मनोरा वणव्यानं मघाशीच गिळला होता. पलीकडच्या तुकडीचा प्रमुख त्यांच्या बाजूच्या घळीबद्दल बोलता बोलता अर्ध्यावर तुटला तो तुटलाच. मोबाइल होते, पण इकडचा मोबाइल तिकडे लागायचा नाही. ती सोय वरच्यांनी वाईट वर्षांत बंद केली होती आणि परत सुरू करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

वणवा विझवणाऱ्या तुकडीची ती प्रमुख. तिच्या आधी नवरा प्रमुख होता, पोरं त्याला दादा म्हणायची, म्हणून ही वहिनी. ती प्रमुख झाली त्या दिवशी तुकडीतल्या बुटक्यानं विचारलं होतं, "आता मॅडम म्हणायचं का?" "म्हणून तर बघ," ती म्हणाली होती. कुणी म्हटलं नाही.

दरी एकच होती. मधून वाहणारा ओढा म्हणजे सरहद्द. त्या ओढ्याच्या काठचं गवत इतकी वर्षं कापायची कुणाची छाती झाली नव्हती, कारण विळा घेऊन वाकलेला माणूस दुर्बिणीतून काहीही दिसू शकतो. ते गवत माणसाच्या डोक्याएवढं वाढून, वाळून बसलं होतं. आता दरीच्या वरच्या तोंडातून वणवा दोन्ही काठांनी खाली येत होता, आणि त्याला ते गवत म्हणजे वाढलेलं ताट होतं. दरीच्या खालच्या तोंडाशी अलीकडे वहिनीचं शहर. पलीकडे पाहुण्याचं गाव.

अशा वणव्याला एकच औषध, उलटी आग. त्याच्या वाटेतलं गवत आपणच आधी पेटवून द्यायचं. मोठी आग लहानीला आपल्याकडे ओढून घेते, दोघी गळ्यात गळा घालतात आणि खायला काही उरलं नाही की तिथंच मरतात. पण दोन्ही काठांवर एकदम पेटवली तरच. एकाच काठावर पेटवली तर वारा तिला उचलून ओढ्यापलीकडे भिरकावतो.

एकदा तसं झालं होतं. वहिनीची पोर पोटात होती त्या वर्षी. इकडच्यांनी न सांगता न विचारता पेटवली, वारा फिरला आणि पलीकडचं गाव जळलं. तिकडच्यांना तो वणवा वाटलाच नाही, हल्ला वाटला. दुसऱ्या दिवसापासून तोफा बोलायला लागल्या. पुढे रस्ता बंद, बाजार बंद, सोयरीक बंद. इकडची लेक तिकडे दिलेली, ती आईच्या मयतालासुद्धा येऊ शकली नाही.

गेल्या हिवाळ्यात कुठं पहिला करार झाला. तोही नुसता आगीपुरता. दर उन्हाळ्यात इकडचा एक माणूस दिवसभर तिकडच्या तुकडीत राहायचा, तिकडचा एक इकडे, आणि रात्री ज्यानं त्यानं आपल्या घरी परतायचं. आणि उलटी आग लावायची वेळ आली तर पहिली काडी पाहुण्याच्या हातची. इकडची आग तिकडच्या माणसानं पेटवायची, तिकडची इकडच्यानं. मग उद्या कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. हा उन्हाळा धड गेला तर रस्ता उघडू, मग डोंगरावरच्या बंदुका मागं घेऊ, असं दोन्हीकडचे वरचे म्हणत होते.

तिकडून आला तो हा पाहुणा. पन्नाशीचा, अंगात त्यांच्या देशाचं पिवळं जाकीट. इकडून गेला तो वहिनीचा नवरा.

फोन वाजला. शहरातल्या नियंत्रण कक्षातले साहेब.

"पेटवली का?"

"नाही साहेब. पलीकडून होकार नाही अजून."

"होकार? वारा चढतोय बाई! तुम्ही होकाराची वाट बघत बसा, इकडे शहराच्या वेशीवर राख पडायला लागलीय. पेटवा."

"टेंभा पाहुण्याकडे आहे. तो म्हणतो, घळीत माणसं आहेत."

"मग काढून घ्या त्याच्या हातातून! त्याचं बघतो मी नंतर."

तिनं फोन खाली घेतला. पाहुण्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं टेंभ्याच्या दांड्यावरची मूठ आवळली नाही, हे तिनं पाहिलं. उलट त्यानं टेंभा किंचित पुढे केला, तिच्या हाताला लागेल इतका.

"घ्यायचाच असेल तर घ्या," तो म्हणाला. "तुम्ही सहा जण आहात, मी एकटा. पण माझ्या हातानं नाही पेटायचा. मागच्या खेपेला माझं घर होतं त्या गावात. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाई."

बुटका मध्येच म्हणाला, "वहिनी, आपली पोरंबाळं पण आहेत की खाली. पाहुणे टेंभा मिरवतायत आणि आपण बघत बसायचं?"

"तोंड आवर," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. खाली तिची स्वतःची पोर होती, सासूबरोबर. शाळेपाशी बसगाड्या लावल्या होत्या, लोकांना बाहेर काढत होते. बस निघाली असेल का?

ओढ्यापलीकडे धुराचा पडदा होता. त्यामागं कुठंतरी तिचा नवरा असाच टेंभा धरून उभा असणार. घळ रिकामी झाली असेल तर तो इकडच्या धुराची वाट बघत असणार, आणि आपण त्याच्या होकाराची. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले, आणि मध्ये आग काही कुणासाठी थांबत नव्हती.

"हॉर्न," ती एकदम म्हणाली.

पाहुण्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. "वेड लागलंय का? हॉर्न, भोंगा, दोन्ही बंद आहेत सरहद्दीवर. भोंगा वाजला की मागून गोळा यायचा, ते दिवस विसरलं नाही कुणी. तिकडच्या चौकीवरची पोरं आवाज ऐकूनच बंदूक उचलतील. तुमचीसुद्धा."

"तुम्ही माझ्याबरोबर बंबावर चढाल?"

"कशाला?"

"दिसायला. त्यांना त्यांचं पिवळं जाकीट दिसू दे, आमच्यांना मी. दोघं शेजारी शेजारी, हात वर करून. असा हल्ला कुणी करत नाही."

"आणि वाजवून सांगणार काय? तुमच्या नवऱ्याला हॉर्नची भाषा येते?"

"त्याचीच आहे ती."

नवरा कामावरून घरी यायचा तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बंबाचा हॉर्न वाजवायचा. दोन आखूड, एक लांब. म्हणजे आलो. पोर हातातलं टाकून दाराकडे धावायची. आणि कधी वाटेतच नवं काम निघालं, तर गल्लीवरून जाता जाता नुसता एक लांब. म्हणजे थांब, येतो. शेजारच्या आजी रागवायच्या, सरकारी बंब म्हणजे काय खेळणं आहे का? तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी परत वाजवायचा.

दोघं शिडीनं बंबाच्या टपावर चढले. पत्रा तापला होता, बुटांतून तळव्यांना जाणवत होता. वहिनीनं हेल्मेट काढलं, केस मोकळे सुटले. ओळखू येऊ दे बाईमाणूस म्हणून. पाहुण्यानं जाकीट काढून दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलं.

"बुटक्या, वाजव! दोन आखूड, एक लांब. दादा वाजवतात तसं. कळू दे त्यांना, आपण तयार आहोत."

हॉर्न वाजला. दरीनं तो आवाज उचलला, इकडच्या कड्यावर आपटला, तिकडच्या कड्यावर आपटला. इकडच्या डोंगरावर काहीतरी चमकलं. दुर्बीण असेल, किंवा दुसरं काही. शेजारी पाहुणा पुटपुटत होता, देवाला की चौकीवरच्या पोरांना, कळत नव्हतं. "मी आहे रे, मी आहे. नीट बघा की, मुडद्यांनो."

गोळी आली नाही.

धुरातून उत्तर आलं. त्यांच्या बंबाचा हॉर्न चिरका होता, पण वाजवणारा हात तिनं लगेच ओळखला. एक. लांब. पुढे काही नाही.

"काय म्हणाला?"

"थांब म्हणाला." ती शिडीकडे वळली. "अजून आहेत घळीत."

ती खाली उतरत होती तेवढ्यात फोन वाजला. या वेळी सासू. मागं बसगाडीच्या इंजिनाची घरघर आणि माणसांचा कालवा.

"काय वाजवलंस गं तू? पोर बसमधून खाली उतरली! बाबा आले म्हणते, बाबांना घेतल्याशिवाय येत नाही म्हणते. खांबाला मिठी मारून बसलीय. ड्रायव्हर खोळंबलाय, लोक शिव्या घालतायत."

एवढ्या लांब ऐकू जाईल हे तिच्या ध्यानीमनीसुद्धा नव्हतं.

"आई, उचला तिला. रडू दे, पण उचला."

"तूच बोल तिच्याशी."

"आई? बाबा कुठंयत?" बारीक, हट्टी आवाज. "हॉर्न वाजला ना."

"सोन्या, दुसरा नाही ऐकलास? एक लांब?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"ऐकला ना? तो म्हणजे काय?"

"थांब, येतो," पोर नाराजीनं म्हणाली.

"मग? बाबांनी थांब म्हटलंय ना? आजीबरोबर बसमध्ये बसून थांबायचं. मी पण इथं थांबलेय."

फोन ठेवल्यावर तिनं चेहरा बाहीनं पुसला. काजळी आणखीच पसरली. लगेच साहेब आले फोनवर, आता आवाज चढवून. "हॉर्न कुणी वाजवला? चौकीवरून मला फोनवर फोन येतायत! आणि अजून पेटवलं नाही? शहराला काही झालं तर जबाबदार तुम्ही."

"हो साहेब, मी."

"काय मी?"

"जबाबदार. माझी पोर आहे त्या शहरात. तरी थांबतेय." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं साहेबांचा फोन कट केला.

वणव्याचा आवाज आता जवळ आला होता, मोठं कापड कुणी टराटरा फाडत यावं तसा. एक ससा तिच्या पायांवरून धावत गेला. बुटक्यानं ओली फडकी वाटली, सगळ्यांनी नाकातोंडाला बांधली. पाहुण्याला देताना तो म्हणाला, "मघाचं मनावर घेऊ नका, पाहुणे."

"तुझ्या जागी मी असतो तर दोन शिव्या जास्त दिल्या असत्या," पाहुणा म्हणाला.

मग त्यानं वहिनीकडे पाहिलं. "पोरी, बोलू का? आता आलं नाही उत्तर, आणि वणवा त्या वरच्या वळणावरच्या वडाला भिडला, तर मी पेटवीन. माझ्या हातानं. तुझ्या डोक्यावर येऊ देणार नाही."

"आणि घळीतली माणसं?"

तो वडाकडे बघत राहिला. ज्वाळा वडाच्या मागच्या चढावर आल्या होत्या, पारंब्या उजेडात लाल दिसत होत्या. पाहुण्यानं खिशातून काडेपेटी काढून हातात घेतली. तिनं आपला हात त्याच्या मनगटावर ठेवला. घाई कर म्हणून नाही, थांब म्हणूनही नाही. नुसता ठेवला.

वडाची पहिली पारंबी पेटली.

पाहुण्यानं काडी ओढली. पण ती टेंभ्याला लावली नाही. बोटांपर्यंत जळू दिली, चटका बसला तशी फेकली. दुसरी काढली.

आणि धुरातून चिरका आवाज आला. आखूड. आखूड. लांब. लांब म्हणजे इतका लांब, की वाजवणारा हॉर्नवर आडवा पडला असावा.

"आला!" वहिनी किंचाळली. "आला! पेटवा!"

टेंभा भडकला. पाहुणा गवताच्या कडेनं पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, पण मागं आगीची शेपटी ओढत पोरासारखा पळाला. तुकडी त्याच्या मागं पसरली, पाण्याचे फवारे पाठीकडच्या गवतावर मारत. ओढ्यापलीकडेही तशीच लाल रेघ उमटली, आधी तुटक, मग सलग. थोडा वेळ दोन्ही रेघा जागच्या जागी घुटमळल्या. मग वणव्याच्या तोंडाकडे वारा उलटा वाहू लागला, गवताची टोकं तिकडे झुकली, आणि दोन्ही काठांवरच्या ज्वाळा एकदम उठून मोठ्या आगीच्या अंगावर गेल्या.

उजेडाची एक भिंत उभी राहिली आणि कोसळली. पुढे नुसता धूर.

ऊन उतरेपर्यंत ते निखारे विझवत फिरत होते. धूर विरळ झाला तसा पलीकडचा काठ दिसू लागला. काळ्याठिक्कर जमिनीवर काळीठिक्कर माणसं. त्यांतला एक हात हलवत होता. तो कसा हलवतो ते तिला माहीत होतं. त्याच्या मागं घळीच्या तोंडाशी माणसं बसली होती, बोचकी, शेळ्या, कुणीतरी कडेवर पोर घेतलेलं. पाहुणा ती माणसं नुसती बघत राहिला. मोजत असावा. मग खाली बसला आणि कपाळ गुडघ्यांवर टेकलं.

तिकडचा प्रमुख ओढ्यापर्यंत आला आणि ओरडला, "निखारे आहेत अजून, रात्रभर राखण लागेल. तुमचा माणूस ठेवून घेऊ का?"

करारात असं काही नव्हतं. पाहुण्यानं एक रात्र जरी मुक्काम करायचा, तरी ते वरचे ठरवायचे आणि त्याला सह्या लागायच्या.

"ठेवा!" ती ओरडली. "तुमचा मी ठेवतेय!"

शहरातून निरोप आला होता, बस सुखरूप पोचली. तिनं सासूला फोन लावला आणि पोरीला बोलावलं.

"बाबा आले?"

"नाही गं. तिकडे राहिलेत, कामाला."

"म्हणजे खोटं वाजवलं त्यांनी."

पाहुण्यानं डोकं वर केलं. काही न विचारता उठला, बंबाशी गेला, खिडकीतून हात आत घातला आणि हॉर्न दाबला. एक. लांब.

पलीकडून तसंच उत्तर आलं. दोन्ही डोंगरांवर कुठंच काही चमकलं नाही.

"हे ऐकू आलं?" वहिनीनं फोनमध्ये विचारलं.

"आलं," पोर म्हणाली. मग जरा थांबून, "पण पहिला बाबांचा नव्हता. तो कुणी वाजवला?"

"आपल्याकडे पाहुणे आलेत," ती म्हणाली.