नक्षत्रसेनेचा नवा अंक एक

गंधालीला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं, की बाई, तुला आयुष्यात काय पाहिजे, तर तिने डोळे न उघडताच सांगितलं असतं, ‘नक्षत्रसेना’ परत आली पाहिजे. आणि ती परत येत होती. तीही हिच्याच हातून! आता बोला.

ज्यांना नक्षत्रसेना माहीत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, बहुतेकांना माहीत नसतेच. ते एक मराठी कॉमिक होतं. पाच वीर, एक यान आणि अख्खं अंतराळ. मृग वाऱ्यासारखा पळायचा, हस्त एका हाताने उल्का परतवायचा, चित्राला अंधारातलं दिसायचं, स्वाती पाण्याला हुकूम सोडायची. आणि मघा? मघा आगीतून चालत जायची, पण तिच्याबद्दल बोलताना गंधालीचा आवाज अजूनही जड व्हायचा, कारण अठ्ठ्याऐंशीव्या अंकात मघा मेली होती आणि नऊ वर्षांची गंधाली दोन दिवस जेवली नव्हती.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तुळशीदासभाईंची प्रेस होती, तिथे हे कॉमिक छापलं जायचं. एकशे बारा अंक निघाले, मग गिऱ्हाईक आटलं आणि ते बंद पडलं. आता प्रेस चालवत होती त्यांची सून भाविका. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, औषधांची खोकी, जे येईल ते ती छापायची. गेल्या दिवाळीत माळ्यावरची साफसफाई करताना तिला जुने अंक सापडले. झाडू बाजूला ठेवून तिने बसल्या जागी बारा अंक वाचले आणि जाहीर केलं, हे आपण परत काढायचं.

ही बातमी कुठूनशी चारकोपला गंधालीच्या घरी पोचली आणि तिने भाविकाला चौदा पानांचं पत्र धाडलं. दिवसभर जाहिरात कंपनीत साबणाच्या स्तुतीच्या ओळी लिहिणारी ही मुलगी, तिला एकशे बाराच्या एकशे बारा अंक तोंडपाठ! काम तिला मिळालं. चित्रांसाठी तिने वाकोल्याच्या सुयोगला ओढलं. सुयोग तिचा कॉलेजचा दोस्त, हात सोन्याचा आणि स्वभाव आळशी.

भाविकाने अट मात्र पहिल्याच दिवशी घातली होती.

“हे बघ गंधाली, जुने वाचक किती उरले असतील? दोनशे? ते घेणारच. मला नवीन पाहिजेत. ज्याने जन्मात नक्षत्रसेना वाचली नाही, त्याच्या हातात हा अंक दिला तर त्याला सगळं कळलं पाहिजे आणि आवडलं पाहिजे. तसं झालं तर नवी नक्षत्रसेना. नाहीतर जुना पहिला अंक आहे तसा छापते, लोक आठवण म्हणून घेतील, आणि विषय संपला.”

“कळणार म्हणजे काय! धावत येतील लोक,” गंधाली म्हणाली. आत्मविश्वास असा, की उद्या कोणी यान दिलं असतं तर चालवायला बसली असती.

शुक्रवारी ती डमी घेऊन प्रेसमध्ये आली. डमी म्हणजे छापण्याआधीची नमुन्याची एकच प्रत, पिना मारून बांधलेली. तिच्या मागून सुयोग जांभया देत आला. भाविकाने डमी चाळली आणि आतल्या बाजूला हाक मारली, “धोंडिरामकाका, जरा या.”

धोंडिरामकाका प्रेसचे बाइंडर. कागदाच्या घड्या घालायच्या, एकात एक बसवायच्या, मधोमध पिना मारायच्या, हे काम ते याच गाळ्यात अडतीस वर्षं करत होते. गंधालीला हसूच आलं.

“अहो भाविकाताई, काका कसले नवीन वाचक? नक्षत्रसेनेच्या प्रत्येक अंकाला त्यांनीच पिना मारल्यात!”

“विचार की त्यांनाच, एक तरी वाचलाय का?”

“नाय गो बाय,” काका शांतपणे म्हणाले. “एकव वाचूक नाय. वाचूक येळ खय? चित्र उलटा लागूक नाय ना, येवढाच बघतंय.”

अडतीस वर्षं! लाखभर प्रती हाताखालून गेल्या आणि माणसाने एक पान वाचलं नाही! गंधालीचा आ वासलेलाच राहिला.

काका स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. ते गंधालीचं सगळ्यात लाडकं पान होतं. अख्ख्या पानभर एकच चित्र, निळ्या चंद्रावर मघाची समाधी आणि तिच्यापुढे माना खाली घालून उभे असलेले चौघे. सुयोगने त्यावर सहा दिवस घालवले होते.

“कोण गेला?” काकांनी विचारलं.

“मघा,” गंधाली हळूच म्हणाली.

“कोण ती?”

“अहो, तीच तर... अठ्ठ्याऐंशीव्या अंकात सूर्यभट्टीचं दार...”

“गंधाली, तू बोलायचं नाहीस,” भाविका म्हणाली. “अंकाने बोलायचं.”

काकांनी दुसरं पान उलटलं. तिथे हस्त म्हणत होता, ‘पुन्हा तीच चूक नको, मृगा!’ त्यावर एक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत, ‘पाहा अंक ४७’. काका उठले आणि माळ्याच्या शिडीकडे निघाले.

“काका, कुठे?”

“पाहा म्हणतत ना, म्हणान सत्तेचाळीस हाडूक जातंय.”

सुयोग फिस्सकन हसला. गंधालीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच बुटाची लेस बांधायला वाकला. तशा ‘पाहा अंक’वाल्या चांदण्या त्या डमीत एकतीस होत्या. प्रत्येक चांदणी गंधालीने प्रेमाने लावली होती, आपल्यासारख्या जुन्या वाचकाला बरं वाटावं म्हणून. भाविकाने काकांना परत बसवलं. सहाव्या पानापर्यंत त्यांनी नेटाने वाचलं, मग डमी मिटली, कडा जुळवून नीट टेबलावर ठेवली आणि म्हणाले,

“कागद चांगलो आसा.”

झालं! वाट लागली. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

“सोमवारी सकाळी मला ठरवायचंय, नवा की जुना,” भाविका म्हणाली. तिलाही वाईट वाटलं होतं, पण ती धंदेवाल्या घरातली, शब्द फिरवणारी नव्हे. “तोवर दुसरं काही आणलंस तर काकाच वाचतील.”

गंधाली बाहेर येऊन कागदाच्या गठ्ठ्यांवर बसली. कान तापले होते, डोळे भरून आले होते.

“त्यांना कॉमिक कळतच नाही रे!”

“गंधे, ज्याला कळत नाही त्याच्यासाठीच लिहायचं होतं ना आपण?”

“तू गप बस.”

सुयोगने पुन्हा बुटाची लेस बांधायला घेतली. थोड्या वेळाने काकाच दोन कटिंग घेऊन आले आणि समोरच्या गठ्ठ्यावर टेकले.

“रागावलंस गो?”

“नाही काका. तुम्ही खरं तेच बोललात.”

“एक सांगू? मी गावाक दशावतारात राजा होतंय. कुडाळच्या बाजूक. हय मुंबैत इलंय तरी सुट्टी काढून जायचंय.” काकांनी चहाचा घोट घेतला. “आमच्या नाटकाक लिवलेला कायव नसता. जत्रेत माणूस खावक खाजा घेता, पोराक शोधता, मगे येवन बसता. अर्धा नाटक झालेला. आदी काय झाला ता तेका कोण सांगतलो?”

“कोण?”

“राजान सांगूचा! बाकड्यार बसलो की पयला नाव. मी कोण, खयसून इलंय, माका काय होया. मगे तलवार. नाव सांगल्याबिगर आमचो राजा तलवारीक हात लावणा नाय.”

गंधाली ऐकत होती. रुसवा अजून होता, पण कान टवकारले होते.

“तुझो तो हस्त,” काका म्हणाले. “तेका काय होया?”

गंधालीने तोंड उघडलं. हस्ताचा उजवा पंजा कोणत्या अंकात तुटला, तो कोणी जोडला, त्याच्या पंज्याला किती खिळे आहेत, सगळं तिच्या जिभेवर होतं. पण त्याला काय हवंय? आज, आत्ता, या अंकात? आई शप्पथ, हा विचार तिने कधी केलाच नव्हता.

“त्याला... घरी जायचंय,” ती अखेर म्हणाली. “पण त्याचा ग्रह उरलेला नाही. आणि ते त्याला एकट्या मघाने सांगितलंय. बाकी कोणी सांगायला धजलं नाही.”

“मगे!” काका उठलेच. गोणपाटाचा तुकडा त्यांनी खांद्यावर शेल्यासारखा टाकला, छाती काढली, आणि इतका वेळ मालवणीत पुटपुटणारा तो माणूस खणखणीत शुद्ध मराठीत गरजला, “मी हस्त! या भुजांनी मी उल्का परतवल्या. पण ज्या अंगणात मी खेळलो, ते अंगण मला परत आणून देईल असा कोणी आहे का या ब्रह्मांडात?”

गाळ्यातली मशीनं चालू होती तरी माणसं थांबली. शेजारच्या गाळ्यातला एक जण हातात पाना घेऊन दारात येऊन उभा राहिला. गंधालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तीन वाक्यं! तीन वाक्यांत हस्त कोण ते पानावाल्यालासुद्धा कळलं होतं.

“सुयोग, ऊठ!” ती ओरडली. “चल तुझ्या घरी. समाधीचं पान काढून टाकायचंय.”

“डोकं फिरलं काय तुझं? सहा दिवस गेलेत माझे त्यावर!”

“माझी पंचवीस वर्षं गेलीत रे! ज्याला मघा माहीतच नाही तो तिच्यासाठी रडेल कसा? गोष्ट पहिल्यापासून मांडू, आधी तिला भेटू तर दे लोकांना. जिवंत!”

जिवंत! तो शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच कळलं की आपण काय बोललो. मघा परत बोलणार होती, चिडणार होती, हस्ताची खोड काढणार होती, आणि हे सगळं तिला लिहायला मिळणार होतं. रिक्षात ती इतकी बडबडत होती की रिक्षावाल्याने वाकोला ब्रिजखाली आल्यावर मागे वळून विचारलं, “मॅडम, वो मघा का आगे क्या हुआ?”

शनिवार-रविवार दोघं सुयोगच्या खोलीत जमिनीवर बसून राहिले. गंधाली लिहायची, पान त्याच्याकडे फेकायची, तो पेन्सिलीने चौकटी भरायचा. एकतीस चांदण्यांपैकी पहिल्या काही खोडताना तिला दात उपटल्यासारखं झालं, नंतर मात्र ती सपासप खोडत सुटली. सुयोगची आई दोनदा पोहे ठेवून गेली आणि दोन्ही वेळा ते गार झाले. सहा दिवसांच्या पानाबद्दल कुरकुरणारा सुयोग रविवारी दुपारी स्वतःच म्हणाला, “थांब, मघाचं हे हसणं मला परत काढू दे, नीट नाही आलं.” असला सुयोग तिने जन्मात पाहिला नव्हता.

सोमवारी दहा वाजता डमी काकांच्या हातात होती. चोवीस पानं, शाईसुद्धा न लावलेली, नुसती पेन्सिलीची. आज काकांनी पुन्हा कागदाचं कौतुक केलं, की तिची नक्षत्रसेना कायमची माळ्यावर जाणार होती.

काका वाचायला लागले. पहिल्या पानावर ओठ हलत होते. तिसऱ्या पानावर ते खुदकन हसले, तिथे मघा हस्ताला म्हणत होती, ‘एवढा मोठा हात आणि भाकरी मोडता येत नाही?’ आठव्या पानाला भाविकाने चहा ठेवला, त्यांनी पाहिलासुद्धा नाही. फोन वाजला, तो त्यांनी न बघता बंद केला. पंधराव्या पानाला ते स्टुलाच्या अगदी कडेला आले. सुयोग गंधालीचं मनगट इतकं घट्ट धरून होता की बांगडी रुतत होती.

शेवटच्या पानावर मघा यानाच्या बाहेर होती. दार आतून मिटत चाललेलं, तिचे हात सुटत आलेले, हस्ताचा पंजा तिच्या बोटांपासून चार बोटं लांब. काकांनी पान उलटलं. पलीकडे कोरा पुठ्ठा. त्यांनी परत मागे उलटलं, मग पुन्हा पुढे. डमी उलटी धरून झटकली. नखाने पिना उचकटल्या, पानं सुटी केली आणि अंगठ्याला थुंकी लावून मोजली.

“भाविकाबाय!” ते कडाडले. “घडी ऱ्हवली एक! आठ पाना खय गेली? कोणी बांधल्यान हा?”

“काका, चोवीसच आहेत. संपला अंक.”

“संपलो? असो कसो संपलो? ता चेडू थय भायर लटकता आसा!”

गंधालीच्या तोंडून किंकाळीच फुटली. सुयोगने तिला उचलून गरकन फिरवलं, कागदाचा एक गठ्ठा कोसळला, आणि भाविकाने, जिने त्या गठ्ठ्यासाठी एरवी दोघांना फाडून खाल्लं असतं त्या भाविकाने, तो तसाच पडू दिला. तिने फोन उचलला. “हां, कागद सांगून ठेवा. नवा अंक. हो, नवाच!”

काकांना या आनंदाचं काही देणंघेणं नव्हतं. सुटी पानं छातीशी धरून ते गंधालीसमोर येऊन उभे राहिले.

“वाचता काय ती? हात गावता तेका?”

एकशे बारा अंक तोंडपाठ असलेली गंधाली काकांकडे बघत राहिली. नक्षत्रसेनेबद्दल कोणी काही विचारावं आणि तिच्याकडे उत्तर नसावं, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. आणि कसलं भारी वाटत होतं ते!

“मलाच माहीत नाही हो काका!”

काकांनी आपलं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं.

“मगे उभी कित्याक? बस. लिव.”