दोन टोकांमधले टेबल

मित्रांनो, चार माणसे जेवायला बसतात तसले टेबल मी नाही. मी मोटारींच्या एका मोठ्या कारखान्यातले बैठकीचे जुने टेबल आहे. एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाचे मीठ मागवले, तर ते येईपर्यंत जेवण उरकेल, इतकी माझी लांबी!

कारखान्याच्या मालकांना सगळे ‘थोरले’ म्हणत. त्यांनी पहिली मोटार भाड्याच्या शेडमध्ये बांधली. तिचे चित्र खऱ्या मापात काढायचे होते, म्हणून सुताराने जाड फळ्या जोडून मला घडवले. थोरल्यांनी माझ्यावर कोपरे टेकून रेघा मारल्या, चहा सांडला, चिडून मूठही आपटली. पण मोटार धडधडत दाराबाहेर पडली, तेव्हा त्यांनी आधी मला थोपटले. त्या शाबासकीने माझे पाय अजून ताठ आहेत.

मोटारी खपल्या. शेडचा कारखाना झाला, घराण्याचे नाव गाड्यांच्या नाकावर चमकू लागले. मलाही पॉलिश करून बैठकीच्या दालनात आणले. तिथे सगळे माझ्याभोवती बसत, पण माझ्याकडे कुणी बघत नसे.

थोरले गेले. त्यांनी मालकी लेकीला आणि लेकाला निम्मी निम्मी ठेवली होती. एकाने होकार दिल्याशिवाय दुसऱ्याने कारखाना विकायचा नाही, अशी अटही होती. मुख्य खुर्ची मात्र रिवाजाप्रमाणे लेकाला मिळाली. ताई मोठी, कारखान्याच्या प्रत्येक खात्यात राबलेली. पण तिला कुणी विचारलेच नाही. तेव्हापासून बहीणभावाचे बोलणे बंद झाले.

ती माझ्या एका टोकाला बसे, तो दुसऱ्याला. मध्ये सेक्रेटरी. नव्या गाडीचे ब्रेक अजून कच्चे आहेत, असे त्यांना सांगा, असे ताई म्हणायची. मग सेक्रेटरी मान वळवून तेच भावाला सांगायचे, जणू भाऊ परगावी राहत होता. मान वळवून वळवून बिचाऱ्यांना मानेचा पट्टा लागला.

एकदा दुसऱ्या कंपनीची माणसे कारखाना विकत घ्यायला आली. भावाला विकायचा होता, ताईला नाही. पाहुणे शेजारच्या खोलीत चहा घेत बसले आणि दोघे शेवटचे काय ते ठरवायला माझ्यापाशी आले. नेमका त्याच दिवशी सेक्रेटरींचा घसा बसला. तोंड उघडले की नुसती हवा!

दोघांनी सवयीने सेक्रेटरींकडे बघितले. मग भाऊ काहीतरी पुटपुटला.

“ऐकू नाही आलं,” ताई म्हणाली.

भाऊ उठला, माझ्या कडेकडेने चालत आला आणि तिच्याशेजारची खुर्ची ओढून बसला.

“ताई, मला हे जमत नाही गं. मला गाड्या चालवायला आवडतात, कारखाना नाही. म्हणून म्हटलं, विकून मोकळं व्हावं.”

“मग मला का नाही विचारलंस?”

“तुला बाबांच्या खुर्चीचा राग आलाय, असं वाटायचं.”

“खुर्चीचा नाही रे. तू तिच्यात बसलास आणि माझ्याशी एका शब्दानं बोलला नाहीस, त्याचा.”

भावाने मान खाली घातली. चुकलं माझं, म्हणाला. मग हळूच विचारले, “आता त्या खुर्चीत तू बसशील?”

ताई बसायला तयार झाली, पण तिने अट घातली. त्याने आपला हिस्सा ठेवायचा, प्रत्येक नवी गाडी बाजारात जाण्याआधी स्वतः चालवून बघायची आणि खोट असेल तर तिला तोंडावर सांगायची. एवढे ऐकून तो लहान मुलासारखा हसला. पाहुण्यांना आणखी एक चहा पाजून, आभार मानून निरोप दिला.

सेक्रेटरींचा घसा पुढे सुटला, पण तोवर त्यांचे निम्मे काम संपले होते. त्यांनी ते फारसे मनाला लावून घेतले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी वडीलधाऱ्यांनी मागे ठेवलेले काहीतरी असेल. ते पुसत जा, वापरत जा. आणि त्याच्या वाटणीला बसाल, तेव्हा खुर्च्या जवळ ओढून घ्या. मध्ये लाकूड कितीही चांगले असले, तरी त्याला तुमचा निरोप पोचवता येत नाही.