शेवटची दोन रिळं

चित्रपट जुना, ऑस्ट्रेलियातला. रखरखीत गावात बस चालवणारा एक हट्टी बाप, त्याची तितकीच हट्टी मुलगी आणि दोघांच्या मध्ये एक खटारा बस. पहिला तासभर माणूस पोट धरून हसतो आणि मग डोळे कधी पुसायला लागतो, ते त्याचं त्यालाच कळत नाही. वाचनालयाच्या फिल्म क्लबात तो एकवीस वर्षांपूर्वी दाखवला, तेव्हा क्लबाचे अध्यक्ष होते मामा आणि मशीनवर होता त्यांचा भाचा. त्याला सगळे ऑपरेटरच म्हणत.

त्या दिवशी पडद्यावर बाप आधी मुलीच्या दारात जाऊन समेट करून आला आणि शेवटच्या रिळात दोघं कडाकडा भांडली. मुलगी बॅग उचलून चालती झाली. दिवे लागले तरी कुणी जागचं हललं नाही. मामा तर भारावूनच गेले. 'माफी हा नुसता मधला थांबा, शेवटी उरतं ते भांडणच,' असा लांबलचक लेख त्यांनी लिहिला. बाप माफी मागायला निघतो ती कशाबद्दल, हेच आधी कळत नव्हतं. त्याला मामांनी दिग्दर्शकाचं धाडस म्हटलं.

धाडस कसलं, घोटाळा होता. रिळं परत भरताना डब्याच्या तळाशी चिकटलेली रिळांच्या क्रमाची यादी ऑपरेटरच्या हाती लागली. डब्यांवरचे आकडे पुसलेले, 'समाप्त'ची पाटी फाटून गेलेली, आणि या बहाद्दराने पाचवं रीळ सहाव्यानंतर लावलं होतं. उद्या सांगू, परवा सांगू म्हणेपर्यंत लेख छापून आला, वाहवा झाली, आणि मग त्याची तोंड उघडायची हिंमतच होईना.

इथवर गंमत होती. पण नऊ वर्षांपूर्वी मामांच्या मुलीने, म्हणजे ताईने, शाळेतली नोकरी सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मामा चार लोकांत तिला नाही नाही ते बोलले. तीही बोलली. चार महिन्यांनी ती माफी मागायला दारात आली, तर मामा म्हणाले, "माफीने काय होतं? उद्या परत भांडशील. त्या सिनेमात बघितलंस ना?" ऑपरेटर तिथेच चहाचा कप धरून उभा होता. रिळांची गोष्ट त्याने तेव्हाही सांगितली नाही. ताई गेली ती गेलीच.

आता तोच चित्रपट क्लबाला डिस्कवर मिळाला. रविवारी दुपारी चारचा खेळ, त्याआधी मामांचं ते प्रसिद्ध भाषण. सकाळी ऑपरेटरने तपासायला म्हणून डिस्क लावली आणि रिकाम्या सभागृहात उभ्या उभ्या सगळा चित्रपट पाहिला. काय चित्रपट होता! भांडणात मुलगी ओरडत असते आणि बाप नुसता बसच्या काचा पुसतो, पुसून झालेली काच पुन्हा पुसतो. मग तीच बस घेऊन दोन दिवसांचा रस्ता तुडवत तिच्या दारात जातो. वाटेत बस तीनदा बंद पडते आणि दर वेळी हा रस्त्यातल्या मेंढ्यांपुढे माफीचा सराव करतो. ऑपरेटरच्या बरगड्या दुखल्या हसून. दारात मात्र बापाला पाठ केलेलं एक अक्षर आठवत नाही. "भूक लागलीय," एवढंच म्हणतो, आणि मुलगी ताट वाढते. ऑपरेटर लहान मुलासारखा रडला.

साडेतीनला मामा इस्त्रीचा शर्ट घालून, कागद घेऊन आले.

"मामा, भाषण करू नका."

"का रे? घसा ठणठणीत आहे माझा."

"रिळं मी उलटी लावली होती. शेवटची दोन. भांडण आधी आहे. मग तो तिच्याकडे जातो आणि तिथेच चित्रपट संपतो."

मामा खुर्चीत बसले. "गाढवा! मी लेख लिहिला त्याच्यावर!"

"म्हणूनच तर बोललो नाही."

"आणि ताई दारात आली तेव्हा? होतास ना तू?"

"होतो." त्याला लाज वाटली आणि ती वाटायलाच हवी होती.

मामांनी कागद खिशात कोंबले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. खेळ सुरू झाला. लोक खदखदून हसले, मामाही हसले. भांडण आलं. मुलगी निघून गेली, बाप काच पुसत राहिला. मग त्याने बस सुरू केली आणि मामा उठले. चालू चित्रपटातून मामा उठलेले क्लबात कुणी जन्मात पाहिले नव्हते.

"मामा, खरी मजा तर पुढे आहे," ऑपरेटर कुजबुजला.

"तू बघितलंस ना? झालं तर मग. स्कूटर काढ."

ऑपरेटरने मशीन ग्रंथपाल बाईंवर सोपवलं.

ताई दुकानात टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होती. तिने वर पाहिलं. आधी बापाकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. रविवारच्या खेळाची वेळ तिला पाठ होती.

"बाबा, सिनेमा एवढ्यात संपला?"

"नाही," मामा म्हणाले. "मध्येच उठून आलो."

ताईच्या हातून ट्यूब सुटली. मग तिने ओले हात पुसले आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून बापापुढे ठेवलं.