डाव्या चाकाची चकती

मी एक जुनी ब्रेकची चकती आहे. एका टॅक्सीच्या पुढच्या डाव्या चाकाआड माझे घर आहे, त्यामुळे मित्रांनो, तुमची-माझी भेट सहसा होत नाही. पण पेडल दाबले की ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी मलाच चिमटीत धरतात आणि गाडी थांबते.

माझा जन्म ओतीव लोखंडातून झाला. लेथवर माझे दोन्ही गाल घासले आणि त्यांवर तिरक्या खाचा पाडल्या. लोकांना त्या खाचांचेच कौतुक! माझा खरा गुण मात्र पोटात आहे. दोन गालांच्या मध्ये माझ्या वाकड्या पाती आहेत. चाक फिरले की त्या गरम हवा बाहेर फेकतात आणि मी थंड राहते. माझी जुळी बहीण उजव्या चाकासाठी बनलेली. तिच्या पाती उलट्या झुकलेल्या. आम्हा दोघींची अदलाबदल झाली तरी गाडी थांबते, पण लांब उतारावर आम्ही तापून बेजार होतो.

आम्हाला आणले वहिनीने. गॅरेज तिचे आणि टॅक्सी तिच्या नणंदेची. नणंद-भावजय म्हटले की लोकांना विळ्या-भोपळ्याचे सख्य आठवते. या दोघी मात्र दिवसभर टोमणे मारायच्या आणि दुपारी एकाच डब्यातून जेवायच्या.

डोंगरावरच्या वस्तीतून खालच्या दवाखान्यात माणसे पोचवणे हे नणंदेचे काम. एकदा उतारावर जुने ब्रेक तापले आणि ऐनवेळी ढिले पडले. गाडी कशीबशी थांबली. कोणाला खरचटलेही नाही, पण नणंदेने हाय खाल्ली. गाडी विकायचीच, असे तिने ठरवून टाकले. गाडी बघायला माणूस येणार होता, म्हणून वहिनीने घाईघाईने आम्हाला बसवले.

त्या घाईने घात केला. वहिनी गाडीच्या पुढे, गाडीकडे तोंड करून उभी होती. आपल्या डाव्या हाताला येईल ते डावे चाक, असे धरून ती कामाला लागली. गाडीची डावी बाजू आत बसणाऱ्याच्या डावीकडे असते, हे तिला झोपेतही सांगता आले असते! पण त्या दिवशी विसरली, आणि मला तर तोंड नाही.

नणंद उतारावर फेरी मारून आली ती पांढरीफटक पडून. चाकांना जळका वास येत होता. गिऱ्हाईक दारात उभेच होते.

"बघितलंस ना? आता पुरे. किल्ली देऊन टाकते."

नव्या पॅडना सुरुवातीला वास येतोच, असे वहिनी म्हणू शकली असती. ते अगदीच खोटेही नव्हते. तिने तोंड उघडलेसुद्धा. मग टॉर्च घेऊन खाली बसली, चाक काढून माझ्या पोटात डोकावली आणि तिला उलट्या झुकलेल्या पाती दिसल्या.

"गाडीची चूक नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुझीही नाही. मीच डिस्क उलट्या लावल्या."

"तू? आणि चूक?"

"हो, मीच. थांब, निवल्या की बदलते. आणि पहिल्या फेरीला तुझ्या शेजारी बसते. ब्रेक लागला नाही तर तुझी कटकट तरी मिटेल."

"माझी की तुझी?" नणंद म्हणाली. किती दिवसांनी ती हसली होती!

मित्रांनो, चुका सगळेच करतात. पण चारचौघांत, गिऱ्हाइकासमोर, स्वतःचे नाव घेणाऱ्या त्या बाईचा मला फार अभिमान वाटला.

आमच्या जागा बदलल्या. पहिल्या वळणाला नणंदेचा पाय थरथरत होता. मी चाक घट्ट धरले. दुसऱ्या वळणाला पाती हवा झपाझप बाहेर फेकू लागल्या. हळूहळू तो पाय शांत झाला. खाली पोचल्यावर तिने चाकाशी वाकून वास घेतला आणि वहिनीच्या गळ्यात पडून रडली. गाडी विकली गेली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही माणसे सुखरूप उतरवली. आता मी झिजले आहे. कडेला धार आली आहे, खाचा पुसट झाल्या आहेत. आज वहिनीने माझी जाडी मोजली आणि नकारार्थी मान हलवली.

"राहू दे ना गं," नणंद म्हणाली. "हिच्यामुळे मी गाडीवर परत बसले."

वहिनी नुसता माझ्यावरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, वस्तू जपा, त्यांना त्यांच्या बाजूनेच बसवा, त्यांना जीवही लावा. पण त्यांचे दिवस भरले की त्यांना उतरवा. वहिनी, त्या दिवशी खरे बोललीस, तशी आजही बोल. माझ्यावर माया करू नकोस, मला काढ. सकाळी तिला उतार उतरायचा आहे.