दुपारी एकची वीज

नवा कॉम्प्युटर घरात येऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि त्यानं बाईंच्या नाकी नऊ आणले होते. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकायची: डिस्क तपासतोय, थांबा. थांबता थांबता चहा गार व्हायचा. एके दिवशी तर मेल्याला डिस्कच सापडेना! दुकानदारानं कुरकुरत ती बदलून दिली, पण पंधरा दिवसांत नवीही रडायला लागली. बाईंनी भर दुकानात त्याची खरडपट्टी काढली.

चिडतील नाही तर काय? कचेरीत तीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप करून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या हिमतीवर काम मिळालं होतं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हातानं लिहिलेल्या आठवणी, तीनशे पानं, शुक्रवारी द्यायची. जमलं तर प्रकाशक पुढचीही पुस्तकं देणार होता. दोनदा टाइप केलेलं सगळं उडालं होतं. आता उडालं तर काम हातचं गेलं.

नवरा वीज खात्यातला वायरमन, तोही निवृत्त. "आपल्या लाइनला लूज कनेक्शन आहे गं, खांबावरच," तो म्हणायचा. विजेच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वीज गेली की बाई हळहळत उठायच्या आणि पानं वाढायच्या. जेवणं आटपली की वीज यायची.

बुधवारी टकला मेकॅनिक घरी आला. तासभर खाटखुट करून म्हणाला, "काकू, डिस्कचा दोष नाही. चालू असताना कोणीतरी वीज तोडतंय. मशीन स्वतःच लिहून ठेवतं, बघा."

पडद्यावर तारखा आणि वेळा होत्या. एक वाजून दोन मिनिटं. एक वाजून चार. एक वाजून एक. सव्वीस वेळा, रविवारसुद्धा.

"लूज कनेक्शन काही घड्याळ बघून सुटत नाही," तो हसला. मग बाईंचा चेहरा बघून वायर गुंडाळायला लागला.

बाईंना चपला आठवल्या. वीज जायच्या आधी रोज पॅसेजमध्ये चपला वाजायच्या. मेन स्विच तिथंच होता.

"अहो, मेन तुम्ही बंद करता?"

नवरा जरासुद्धा ओशाळला नाही. "मग काय करू? त्या खोक्यापुढं बसलीस की बहिरी होतेस. एक वाजला की माणसाला भूक लागते."

"दोनदा पुस्तक गेलं माझं!"

"पुन्हा टाइप कर. बोटं झिजतात का?"

मेकॅनिकनं फाइल वाचवली, पेन ड्राइव्ह दिला आणि बॅटरीचा एक डबा बसवला. "वीज गेली तरी पंधरा मिनिटं चालेल," तो खाली मान घालून म्हणाला.

गुरुवारी वीस पानं उरली होती. एक वाजता चपला वाजल्या, पंखा थांबला. डबा टूं टूं करायला लागला, पडदा मात्र तसाच उजळलेला. बाई टाइप करत राहिल्या. नवरा दारात आला.

"किती वेळ चालतो हा डबा?"

"पंधरा मिनिटं." छत्तीस वर्षांच्या संसाराच्या सवयीनं त्यांनी खरं सांगून टाकलं.

तो गेला. पॅसेजमध्ये स्टूल सरकल्याचा आवाज आला. बोर्डाखाली मनगटावरचं घड्याळ बघत तो बसून राहिला. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. भात झाकून ठेवलेला होता, अजून गरम. हा माणूस पंधरा मिनिटं उपाशी बसेल, पण स्वतःचं पान वाढून घेणार नाही! बाईंना त्याचा राग आला, किळससुद्धा आली.

त्यांनी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, मशीन शिकवल्याप्रमाणं नीट बंद केलं, कागद पिशवीत भरले.

"उठलीस ना शेवटी?" स्टुलावरून तो म्हणाला.

"उठले. पातेल्यातून वाढून घ्यायला वीज लागत नाही," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर पडल्या. मेकॅनिकच्या दुकानात एखादं मशीन रिकामं मिळेलच.

रस्त्याच्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं, निघता निघता आपण त्याचं पान वाढून आलोय. भात, वर आमटी, शेजारी पाण्याचा पेलासुद्धा. त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि स्वतःवर इतक्या चिडल्या की भर रस्त्यात त्यांना रडू फुटलं.